सातव्या मजल्याचं सागवान

आमच्या हातची सातव्या मजल्यावरची सागवानी फरशी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत जिन्याने उतरून चौथ्या मजल्यावर पंचफुलाबाईंकडे जात असे. हे कोणीतरी लिहून ठेवावं असं ऑफिसच्या देवपुजारी मॅडमना वाटलं, आणि फरशी बसवण्यापासून शेवटपर्यंत मी तिथेच होतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. जे झालं ते झालं तसं लिहितो.

इमारत नागपूरची आहे, एका मोठ्या कंपनीची. सातव्या मजल्यावर साहेब लोकांचा गोल हॉल आहे. गोल असल्यामुळे बाजारात मिळते तशी तयार फरशी तिथे बसत नाही. बुरडकर मिस्त्रींनी आलापल्लीकडचं सागवान आणलं आणि प्रत्येक फळी तिच्या जागेच्या मापाने कापली. भिंतीकडच्या फळ्यांना बाक दिला, दारापाशी आखूड तुकडे केले. प्रत्येकीच्या पोटावर खडूने आकडा टाकला. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत जाते, आणि ही जीभ त्या खाचेशिवाय दुसरीकडे कुठेच जात नाही. असं काम मी मिस्त्रींकडे शिकलो.

आमच्या कामात लाकूड आलं की लगेच बसवत नाहीत. ज्या जागी ते राहणार तिथे त्याची थप्पी लावायची, दोन थरांमध्ये पट्ट्या घालायच्या म्हणजे वारं खेळतं, आणि काही दिवस तसंच राहू द्यायचं. लाकडाला जागेची सवय होते. जे फुगायचं ते फुगतं, आकसायचं ते आकसतं. मग ते अंथरलं की पुढे त्रास देत नाही.

पण तेव्हा सातव्या मजल्यावर रंगकाम चालू होतं आणि सामानाची लिफ्ट चौथ्याच्या वर जात नव्हती. मिस्त्री म्हणाले, "इमारत एकच आहे न. हवा काय मजल्यामजल्याला बदलते?" म्हणून थप्पी चौथ्या मजल्याच्या पॅन्ट्रीत लागली. चूक म्हणायची तर एवढीच झाली.

पॅन्ट्री पंचफुलाबाई मेश्राम यांची. पूर्ण इमारतीचा चहा तिथून जातो. पहिल्या दिवशी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून जी मिस्त्री, माह्या किचनात जंगल आणून ठेवलं?"

"थोडे दिवस, बाई."

"आन् मी कुठं बसू? झाडावर?"

शेवटी त्या थप्पीवरच बसू लागल्या. तिच्यावर कप पालथे घालायच्या, मेथी निवडायच्या. हॉलच्या दारापाशी बसायचा एक आखूड तुकडा त्यांनी वर ओढून घेतला आणि त्यावर रोज डबा ठेवू लागल्या. मी फळ्या उलटसुलट करायला तिथेच असे. बाई बोलत. भंडाऱ्याची त्यांची मुलगी वैशाली नर्स आहे, तिला दिवस गेलेत, तिला सासू नाही, पोट्टं झालं की त्याला सांभाळेल कोण. मला उत्तर द्यायला जमत नसे. माणसांसमोर माझा आवाज निघत नाही, लहानपणापासून तसंच आहे.

"ह्या पोराच्या तोंडात चहा जाते, पण शब्द काही बाहेर येत नाई," असं त्या म्हणत आणि फळ्यांवर थाप मारून पुढचं त्यांनाच सांगत.

रंगकाम संपल्यावर आम्ही फरशी वर नेऊन बसवली. पॉलिश केलं. उद्घाटन झालं, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी देवपुजारी मॅडमचा मिस्त्रींना फोन आला. ऑफिसची सगळी व्यवस्था त्या पाहतात.

"मिस्त्री, तुमची फरशी खाली गेली आहे."

"खाली म्हणजे, कुठे दबली का?"

"दबली नाही. चौथ्या मजल्यावर गेली आहे."

आम्ही जाऊन पाहिलं. सातव्यावर खालचा सिमेंटचा कोबा उघडा पडला होता. टेबलं, खुर्च्या जागच्या जागी होत्या. तिथल्या कारकुनाने सांगितलं की दारापासून एकेक ओळ सुटत गेली, खुर्चीची चाकं कोब्याला टेकली तेव्हा टक असा आवाज झाला, बाकी टेबलावरचं पाणीही हललं नाही. फळ्या जिन्याने उतरल्या. पॅन्ट्रीत त्यांनी स्वतःची थप्पी लावली होती, मध्ये पट्ट्या घालून, आम्ही लावतो तशीच. पट्ट्या त्यांनी कोपऱ्यातून घेतल्या होत्या. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "थर बरोबर आहेत."

बाई थप्पीवर बसून जेवत होत्या.

"मी काही बोलावलं नाई जी," त्या म्हणाल्या. "पण आलं तर हाकलू कसं? पाहुणं हाय."

बाई संध्याकाळी घरी निघाल्या की फरशी वर जाऊन आपापल्या आकड्यावर बसायची. दुपारच्या बैठका मात्र कोब्यावर होऊ लागल्या. मॅडमनी जिन्यात सूचना लावली की जेवणाच्या सुट्टीत सर्वांनी डाव्या बाजूने चालावे, उजवी बाजू फरशीसाठी आहे. लोकांनी ती पाळली. महिनाभरात कोणी वळूनही पाहीना. पाचव्या मजल्यावरचे एक वयस्क साहेब तर फरशी दिसली की डबा उघडत.

हे असंच चाललं असतं. पण वैशालीला मुलगा झाला. बाईंनी भंडाऱ्याच्या शाखेत बदली मागितली होती, ती मंजूर झाली. वैशालीची बाळंतपणाची रजा संपायच्या आत बाईंनी तिथे पोचायचं होतं, नाहीतर तिला नोकरी सोडावी लागणार होती. बदलीच्या आधी बारशासाठी म्हणून बाईंनी एक दिवस सुट्टी घेतली आणि सकाळच्या बसने भंडाऱ्याला गेल्या.

दुपारी फरशी चौथ्यावर आली. पॅन्ट्रीत कोणी नव्हतं. ती थोडा वेळ थांबली, मग मुख्य दारातून बाहेर पडली. वॉचमनने आम्हाला फोन केला.

भंडारा रोडवर वनखात्याच्या नाक्यावर तिला अडवलं. आम्ही ट्रक घेऊन पोचलो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला थप्पी करून बसली होती आणि गार्ड समोर काठी घेऊन उभा होता.

"सागवान कोणाचं?"

"कंपनीचं," मिस्त्री म्हणाले.

"वाहतुकीचा पास?"

"आम्ही नाही आणलं साहेब. ते स्वतः निघालं."

"स्वतः निघालं तरी पास लागते. सागवान हाय ते." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "चालत जाते म्हणून मी प्लायबोर्डाच्या फळ्यांले कधी अडवलं नाई. पण सागवानाले नियम हाय."

त्याचं बरोबर होतं. मॅडमना फोन करून पास येईपर्यंत दिवस कलला. तेवढ्यात भंडाऱ्याहून येणारी बस नाक्यावर थांबली आणि खिडकीतून बाईंनी पाहिलं. त्या उतरल्या. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी होती.

"लाज नाई वाटत?" त्या फरशीवर ओरडल्या. "एवढ्या गाड्या जाऊन राहिल्या. कोणाच्या चाकाखाली गेली असती तर काय तोंड दाखवलं असतं मी मिस्त्रीले?"

फळ्या जराही हलल्या नाहीत. मग बाईंनी सगळ्यांना घुगऱ्या दिल्या, गार्डलाही दिल्या, आणि ट्रकमध्ये पुढे बसल्या. फरशी आपोआप मागे चढली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. देवपुजारी मॅडम चांगल्या आहेत, हे मी मुद्दाम लिहितो. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या बदलीवर माझी सही तयार आहे. पण तुम्ही भंडाऱ्याला गेलात की ही पण निघणार. रोज. हायवेने. ती ट्रकखाली आली, किंवा तिच्यामुळे कोणी पडलं, तर मी काय करू?"

मॅडमनी सहीचा कागद फाइलमध्ये ठेवला.

"फरशी इथे रुळली की सोडते तुम्हाला. तोपर्यंत वर हॉलमध्ये बसा. काम काही करू नका."

म्हणून बाईंना गोल हॉलमध्ये मधोमध खुर्ची दिली. फरशी दिवसभर जागेवर राहू लागली, साहेब लोक खूश झाले. चहा द्यायला खाली नवीन मशीन आलं. बाई त्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसत. मी कडेच्या फळ्यांना पाचर बघायच्या निमित्ताने जात असे.

"मी काय गणपती हाय का रे, आणून बसवाले?" त्या एकदा मला म्हणाल्या. "आन् गणपतीलेही दहा दिवसांनी सोडतात."

वैशालीचा फोन यायचा. बाई हळू आवाजात "पाहून राहिली बेटा, पाहून राहिली" म्हणत. मागून बाळाचं रडणं ऐकू यायचं, तेव्हा खुर्चीखालच्या फळ्या थोड्या वर यायच्या.

मिस्त्रींनी मॅडमना सांगितलं की लाकडाची सवय मोडता येते. फरशी पुन्हा उचलायची, त्याच हॉलमध्ये थप्पी लावायची, आणि इथे कायम राहणाऱ्या एका माणसाने तिच्याजवळ बसायचं. सवय लागली की अंथरायची. प्रश्न एवढाच होता की बसणार कोण.

आधी बाईंचा आवाज फोनवर भरून घेतला आणि स्पीकर लावला. फळ्या स्पीकरपाशी गेल्या, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि खाली पॅन्ट्रीत बाईंकडे निघून गेल्या. मग मोठे साहेब स्वतः बसले. त्यांनी कंपनीच्या पुढच्या वाटचालीबद्दल सांगितलं. कडा वाकल्या. माणसं घडवण्याचं भाषण देणारे एक गृहस्थ पुण्याहून बोलावले, त्यांच्या भाषणात बऱ्याच फळ्यांना बारीक चिरा गेल्या आणि मिस्त्रींनी हात जोडून त्यांना थांबवलं. देवपुजारी मॅडम बसल्या तेव्हा फरशी चांगली राहिली. पण मॅडमना एकसारखे फोन येत, त्या उठत, आणि त्या उठल्या की फळ्याही उठत.

पुन्हा बैठक झाली. वैशालीची रजा संपत आली होती. बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, राहू द्या. मी पोरीले सांगते नोकरी सोड म्हणून. ह्या मुक्या जिवाले तरी मी रस्त्यावर कशी पाठवू?"

"मी बसतो," असं कोणीतरी म्हणालं.

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

"तू बोलला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आपल्याला अमरावतीचं काम आहे पुढच्या महिन्यात. तुला न्यायचं होतं मला. हिच्यापाशी बसला तर इथंच राहावं लागेल, माहीत आहे न?"

मी पुन्हा मान हलवली.

"ह्याले बसवता?" बाई म्हणाल्या. "हा बोलतो कुठं?" पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा डोळे पुसले होते.

मॅडमनी मला देखभाल विभागात घेतलं. आम्ही फरशी उचलली, हॉलमध्ये थप्पी लावली. बाई खाली पॅन्ट्रीत गेल्या आणि मी थप्पीजवळ बसलो. काय बोलावं ते सुचेना. जेवणाच्या सुट्टीला त्या उठल्या आणि रांगेने चौथ्यावर गेल्या. मी मागोमाग गेलो.

"काय बोलला तू?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणून आलं न बापा ते. त्यालेही कंटाळा येते."

"काय बोलू?"

"जेवला का नाई ते सांग. काय खाल्लं ते सांग. माणसाले दुसरं काय पाह्यजे असते?"

दुसऱ्या दिवशी मी थप्पीला सांगितलं की डब्यात पोळी आणि सांडग्याची भाजी आहे. आवाज फारच लहान आला. पुन्हा सांगितलं. मग सांगितलं की भाजी माझ्या खोलीतल्या जोडीदाराने केली आहे आणि त्याला मीठ टाकल्याचं लक्षात राहत नाही, म्हणून तो दोनदा टाकतो. वरची एक फळी किंचित हलली. त्या दुपारी निम्मी फरशी गेली, निम्मी राहिली.

मग मी रोज बोलू लागलो. बाई दिवसा थोड्या दूर राहत, कधी सहाव्या मजल्यावर, कधी गेटपाशी, म्हणजे फरशीला एकदम जड जाऊ नये. मी तिला गावाबद्दल सांगितलं. वडील आजारी पडले तेव्हा शाळा सुटली ते सांगितलं. वर्गात माझी जागा खिडकीशी होती. मी गेल्यावर ती कोणाला दिली ते मला कधी कळलं नाही, आणि विचारायलाही कोणाला गेलो नाही. हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर पाहिलं तर वाकलेल्या कडा खाली आल्या होत्या. मी फळीवर सपाटी बघायची लेव्हलची पट्टी ठेवली. तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध होता.

मिस्त्रींनी फरशी पुन्हा अंथरली. चिरा भरल्या, पॉलिश केलं. मॅडमनी बाईंच्या बदलीवर सही केली.

निघायच्या दिवशी बाई चपला काढून हॉलमध्ये आल्या. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेल्या, मधे खाली बसून थाप मारली.

"नीट राहा," त्या म्हणाल्या. "ह्या पोराले त्रास देऊ नका. तो बोलतो, पण हळू बोलतो. कान देऊन ऐका."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू जेवत जा वेळेवर. नाईतर सांगशील काय ह्यांले?"

त्या खाली गेल्या. जेवणाची सुट्टी झाली. हॉलच्या दारात मॅडम, मिस्त्री, मोठे साहेब आणि बरेच लोक उभे होते. कोणी जेवायला गेलं नव्हतं. दारापाशीची पहिली ओळ सुटली. दुसरी ओळ वर आली. खाली गेटवर ऑटो थांबल्याचा आवाज आला.

"आज," मी म्हणालो, "आज डब्यात वांग्याची भाजी आहे."

ओळ थांबली.

"मीठ बरोबर पडलंय. मी स्वतः पाहिलं. काल मी त्याला सांगितलं होतं की फरशी विचारते, तर तो म्हणाला, मग एकदाच टाकतो."

दुसरी ओळ खाली बसली. मग पहिली बसली. जिभा खाचांत गेल्याचे आवाज दारापासून पार खिडकीपर्यंत गेले. मोठे साहेब म्हणाले, "झालं?" मिस्त्रींनी हाताने थांबा म्हटलं.

दारापाशीचा एक आखूड तुकडा बसला नव्हता. बाई डबा ठेवत तो. तो उंबऱ्यावर आला, लोकांनी पाय बाजूला घेतले, आणि तो एकटाच जिन्याने उतरू लागला. मी त्याला अडवलं नाही. मॅडमनीही नाही. आम्ही खिडकीतून पाहिलं. ऑटोपाशी बाई खाली वाकल्या, तुकडा उचलला, पदराने पुसला आणि काखेत धरला. मग वर पाहून हात हलवला.

"पास!" मिस्त्री एकदम म्हणाले. "नाक्यावर अडवतील."

मॅडमनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि वॉचमनला पळवलं. पास त्यांनी आधीच काढून ठेवला होता, सागवान, एक नग. कधी काढला ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. नाक्यावरच्या गार्डने पास पाहिला, तुकडाही पाहिला आणि बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारलं. वैशाली उद्यापासून कामावर जाणार. पाळण्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली तुकडा बरोबर बसला. "हलत नाई आता," बाई म्हणाल्या. पाळणा की तुकडा ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. दारापाशी रिकाम्या जागेवर कोणीतरी पायपुसणं टाकलं होतं, ते उचललं. उरलेल्या सागवानातून त्या मापाचा तुकडा कापला, रंधा मारला, जीभ काढली, पोटावर खडूने आकडा टाकला. बसवला मात्र नाही. नवीन होता, इमारतीत कोणाला ओळखत नव्हता. चपला दाराबाहेर काढल्या, त्याला घेऊन फरशीवर बसलो आणि आधी त्याला माझं नाव सांगितलं.